काढणीआधी रब्बी ज्वारीचा उतारा कसा ओळखायचा: ओल, उपग्रह आणि पहार

गंगाखेड तालुक्यात डिसेंबर लागला की एकच प्रश्न चारही बाजूंनी येतो: यंदा ज्वारीला काय उतारा पडेल, म्हणजे एकरी किती क्विंटल? कडब्याचे व्यापारी विचारतात, आमच्या शेतकरी गटाचे सभासद विचारतात, आणि ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत ते सगळ्यात आधी विचारतात. धान्य विकत तरी आणता येतं, पण चैत्र-वैशाखात कडबा मिळेलच याची खात्री नसते. मी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि गटासाठी दर रब्बीत हा अंदाज बांधते. कृषीची मुलं, दुसऱ्या गटांचे सचिव, क्वचित एखादे सहायक कृषी अधिकारीही पद्धत विचारतात, म्हणून ती इथे सविस्तर लिहिते आहे.

सामान फार लागत नाही. एक लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर, उपग्रहाची चित्रं ऑनलाइन हाताळणाऱ्या गूगल अर्थ इंजिनचं खातं (विनाव्यावसायिक कामासाठी तेही मोफत), एक्सेल, जीपीएस असलेला मोबाईल आणि एक पहार. यादीत पहार शेवटी आली तरी कामाची सुरुवात तिच्यापासूनच करायची.

आधी ओल, मग हिरवळ

पंजाब-हरियाणाच्या बागायती गव्हासाठी उपग्रहाची जी पद्धत चालते, ती जशीच्या तशी आपल्याकडे आणली की फसते. तिथे पाण्याची सोय आहे, त्यामुळे पान हिरवं तर दाणा भरणार हे बऱ्याच अंशी खरं ठरतं. आपली रब्बी ज्वारी मुख्यतः कोरडवाहू. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा होतो, पाऊस तोवर आवरता घेतो आणि पुढचे चार महिने पीक जमिनीत मुरलेल्या पाण्यावर जगतं. ऑक्टोबरअखेर जमिनीच्या पोटात पाणी किती, यावर फेब्रुवारीचं खळं निम्म्याहून जास्त ठरून गेलेलं असतं. उपग्रहाच्या चित्रात ज्वारी अजून दिसायचीही असते, तेव्हाच पहिला अंदाज बांधता येतो, तो यामुळेच.

त्यासाठी दोन गोष्टी हव्यात: जमिनीची खोली आणि परतीचा पाऊस.

खोलीचा नकाशा नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने केलेला आहे, पण राज्याचा नकाशा १:२,५०,००० प्रमाणाचा. जिल्ह्याला तो पुरतो, शिवाराला पुरत नाही. आपल्या भागात त्याला जमिनीच्या चढ-उताराची जोड द्यायची. मराठवाड्याचा खडक बहुतेक सगळा बेसॉल्टचा. बालाघाटाच्या माथ्यावर मुरमाड हलकी जमीन, उतारावर मध्यम, आणि ओढ्याकाठी, गोदाकाठी खोल काळी. एसआरटीएमचा (अंतराळातून रडारने मोजलेला) ३० मीटरचा उंचीचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये उघडून ‘स्लोप’ काढला, ओढ्यापासूनचं अंतर काढलं आणि ते मृदा नकाशावर टाकलं, की माळ आणि काळी वेगळी पडायला लागते. वर्ग तीनच करा: ३० सेंटीमीटरपर्यंत हलकी, ६० पर्यंत मध्यम, त्यापुढे भारी. ज्वारीच्या वाणांच्या शिफारशीही याच मापावर आहेत. हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यमला परभणी मोती, मालदांडी ३५-१ किंवा फुले सुचित्रा, भारीला परभणी ज्योती, फुले वसुधा, फुले यशोदा. त्यामुळे शेतकऱ्याला ‘कोणता वाण पेरला आणि का?’ एवढं विचारलं तरी जमिनीची खोली निम्मी कळते.

उरलेली निम्मी पहारेने कळते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या महसूल मंडळातल्या हलक्या, मध्यम आणि भारी अशा तिन्ही रानांत खड्डे घ्या. वरची चार बोटं माती भुकटी असते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. वीतभर खाली गेलं की रंग गडद व्हायला लागतो. तिथली, मग फूटभर खालची, मग दोन फुटांवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. गोळा वळला आणि मूठ उघडल्यावर तळहातावर ओलसर डाग राहिला, तर ओल भरपूर. गोळा वळतो पण अंगठा लावताच फुटतो, तर निम्मीशिम्मी. गोळाच वळत नसेल, तर त्या थरातलं पाणी ज्वारीच्या मुळाला मिळणार नाही. हे तिन्ही थरांसाठी वहीत लिहा, सोबत गट नंबर आणि जीपीएसचा बिंदू. राणीसावरगावकडच्या एका माळावर मी खड्डा घेत असताना शेताचे मालक बांधावर येऊन म्हणाले, “ताई, वरून हिरवीगार दिसतीय, पण दीड फुटावर मुरूम लागतोय. पोटरीपर्यंत कड काढील, पुढं देवाला ठावूक.” मोबाईलवर त्या दिवशीचं चित्र काढलं, तर त्यांचं रान शेजारच्या भारी रानाइतकंच हिरवं दिसत होतं. फरक होता तो जमिनीच्या पोटात.

पावसासाठी राज्याच्या महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांचे महसूल मंडळनिहाय आकडे घ्या. मागच्या वर्षांचा पाऊस लागला तर चर्प्स नावाची माहिती अर्थ इंजिनमध्येच आहे, १९८१ पासूनची, साधारण ५ किलोमीटरच्या चौकटीत. ती उपग्रह आणि पर्जन्यमापक यांच्या मेळातून केलेली असल्याने एकाच गावावर झालेला जोराचा पाऊस तिच्यात पसरट होतो. आपल्याकडे एका मंडळात ओढे फुटतात आणि दहा किलोमीटरवर धूळ उडते. म्हणून चालू हंगामाला केंद्राचा आकडा, मागच्या वर्षांना चर्प्स, आणि जिथे दोन्ही आहेत तिथे आधी पडताळणी.

मग एक्सेलमध्ये पाण्याचा जमाखर्च मांडायचा. जमिनीच्या प्रत्येक वर्गाची पाणी धरायची मर्यादा ठरवा. ढोबळ मानाने खोल काळी जमीन मीटरभर खोलीत १५० ते २०० मिलिमीटर पाणी पिकाला देऊ शकते. म्हणजे ९० सेंटीमीटरच्या जमिनीत १३५ ते १८० मिलिमीटर, आणि ३० सेंटीमीटरच्या हलक्या जमिनीत ४५ मिलिमीटर धरलं तरी खूप. १ सप्टेंबरपासून आठवड्याला एक ओळ: मागची शिल्लक, अधिक पाऊस, वजा बाष्पीभवन, आणि बेरीज मर्यादेवर गेली की वरचं वाहून गेलं असं समजून मर्यादेवर थांबवायची. समजा एका आठवड्यात १५० मिलिमीटर पडला. भारी जमिनीने तो बहुतेक पोटात घेतला, हलकीने ४५ घेतला आणि शंभरच्या वर ओढ्याला दिला. तालुक्याच्या पावसाची सरासरी बघून ‘यंदा रब्बी जोरात’ म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं. सरासरी गाठली तरी माळाची ओल पेल्यापुरतीच असते.

३१ ऑक्टोबरची शिल्लक हा आपला पहिला आकडा. तो जपून ठेवा.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर यात एक भर घालावी लागते. नदीकाठच्या कित्येक शिवारांत मातीच खरडून गेली. जुन्या नकाशात जी भारी म्हणून रंगवली आहे, ती जमीन आता तशी राहिलेली नाही. अशा गावांत खोलीचा वर्ग नव्याने पाहिल्याशिवाय पुढचा एकही आकडा काढू नका.

ज्वारी नेमकी कुठे आहे

मंडळाच्या सगळ्या हिरवळीची सरासरी काढली तर ऊस, तूर, हरभरा यांची खिचडी होते. आधी ज्वारीचे पिक्सेल (चित्रातले बारीक चौकोन) वेगळे काढायचे.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं यासाठी उत्तम. लाल आणि अवरक्त पट्ट्यांत त्यांचा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. थोडक्यात एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा आणि एकरात चाळीस पिक्सेल, हे डोक्यात ठेवलं की सगळं सोपं होतं. दर पाच दिवसांनी नवं चित्र मिळतं, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ बहुतेक मोकळं असतं. खरिपात ढगांमुळे जे जमत नाही, ते रब्बीत जमतं. मोडिस हा उपग्रहावरचा जुना संवेदक २००० पासूनचा इतिहास देतो, पण त्याचा पिक्सेल २५० मीटरचा, म्हणजे पंधरा एकरांचा. त्यात चार शेतकऱ्यांची चार पिकं एकत्र येतात. तो दुष्काळाचा मोठा आवाका बघायला ठेवा.

हिरवळ मोजायची ती एनडीव्हीआयने: अवरक्त वजा लाल, भागिले अवरक्त अधिक लाल. ज्वारीच्या रानाची वर्षभराची एक चाल असते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रान उघडं, आकडा ०.२५ च्या खाली. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत शिखर. फेब्रुवारीअखेर पुन्हा तळाला. ऊस वर्षभर हिरवा, तो आपोआप बाहेर पडतो. तूर आणि कापूस ऑक्टोबरात हिरवे असतात, तेही गेले. सोयाबीन काढून केलेला हरभरा ओळखायला खरिपाकडे बघावं लागतं. ते रान ऑगस्टमध्ये हिरवं होतं, तर ज्वारीचं रान बऱ्याचदा पडीक किंवा मूग-उडदाखाली असतं.

तरी हरभरा आणि ज्वारीत गोंधळ राहतोच. तिथे रडारचा सेंटिनेल-१ कामाला येतो. हरभरा गुडघ्याच्या खाली, मालदांडी पुरुषभर उंच. रडारच्या व्हीएच पट्ट्यात उंच, दाट ताटांचं रान वेगळं उठून दिसतं. या सगळ्या माहितीवर अर्थ इंजिनमधलं रँडम फॉरेस्ट वर्गीकरण (नमुन्यांवरून पीक ओळखायला शिकणारी संगणकी पद्धत) चालवायचं, पण त्याला शिकवायला खरे बिंदू लागतात. पाणंदीने जाताना मोबाईलवर जागा आणि पीक नोंदवत जा, प्रत्येक पिकाचे, तिन्ही जमिनींवरचे. बांधावर उभं राहून नोंद घेऊ नका, रानाच्या मध्यावर जा, कारण मोबाईलचा जीपीएस सहज पाचेक मीटर इकडेतिकडे होतो. तीसेक टक्के बिंदू बाजूला ठेवा आणि वर्गीकरण झाल्यावर त्यांवर तपासा. ई-पीक पाहणीच्या नोंदी ताळा म्हणून चांगल्या, पण एका गट नंबरात तीन पिकं असतील तर नोंदीवरून हद्द कळत नाही.

रानाच्या कडेचे पिक्सेल टाकून द्या. बांधावरची बाभूळ आणि शेजाऱ्याचा ऊस त्यांत मिसळलेला असतो. एकराच्या चौकोनी तुकड्याला आतून १० मीटरची कड सोडली तर चाळीसपैकी एकोणीस पिक्सेल उरतात. निम्मे गेले तरी उरलेले खरे असतात.

हे दर वर्षी नव्याने करायचं. २०१८ मध्ये पाऊस लवकर गेला, ऑक्टोबरअखेर राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि कित्येक ठिकाणी रब्बीचा पेराच झाला नाही. अशा वर्षी आदल्या वर्षीचा नकाशा वापरला तर उघड्या रानाला ज्वारी समजून उतारा काढत बसाल.

क्यूजीआयएसमध्ये क्षेत्र मोजताना प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर ठेवा, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. मराठवाडा जवळजवळ सगळा त्यात बसतो. किनवटकडचा पूर्व भाग मात्र ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे, ४४ मध्ये जातो.

हिरवळीचा आकडा स्वच्छ करणे

अर्थ इंजिनमध्ये सेंटिनेल-२ चा ‘हार्मोनाइज्ड’ संच निवडा, लेव्हल २ए चा, म्हणजे हवेचा परिणाम काढून टाकलेला. कारण सांगते. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने चित्रांच्या प्रक्रियेत बदल केला आणि प्रत्येक पट्ट्याच्या आकड्यात १००० ची भर पडली. लाल ८०० आणि अवरक्त ३००० असेल तर एनडीव्हीआय ०.५८ येतो. दोन्हींत हजार मिळवले की तो ०.३८ वर उतरतो. ऐन रब्बीत, दाणा भरताना, सगळा तालुका एका रात्रीत करपल्यासारखा दिसेल. हार्मोनाइज्ड संचात ही भर काढून टाकलेली असते.

ढग आणि ढगांच्या सावल्या काढायला एससीएल पट्टा आहे, तो प्रत्येक पिक्सेल कशाचा आहे ते सांगतो. ३, ८, ९ आणि १० हे वर्ग झाका. मग दर दहा दिवसांचं एक मध्यक चित्र करा.

आता आपल्या काळ्या मातीचा फास. रब्बी ज्वारी ४५ सेंटीमीटरच्या ओळींत असते आणि डिसेंबर येईपर्यंत ओळींमधून माती दिसत राहते. पीक तेवढंच असलं तरी मागची माती जितकी गडद, तितका एनडीव्हीआय वर चढतो. नोव्हेंबरात अवकाळीची एखादी सर येऊन माती भिजली, की पीक न वाढताच आकडा वाढतो. म्हणून पहिल्या ४० दिवसांसाठी मी सॅव्ही हा निर्देशांक वापरते. ह्यूटे या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये मातीचा परिणाम कमी करायला तो मांडला. एनडीव्हीआयच्या सूत्राच्या छेदात ०.५ मिळवायचे आणि सगळ्याला १.५ ने गुणायचं. मात्र त्याआधी पट्ट्यांचे आकडे १०,००० ने भागून शून्य ते एकच्या मापात आणा, नाहीतर त्या ०.५ चा काहीच परिणाम होणार नाही. ज्वारीने ओळी झाकल्या की पुन्हा एनडीव्हीआयवर या.

दुसरी गोष्ट तारखांची. १५ डिसेंबरचं चित्र घेऊन दोन वर्षं समोरासमोर ठेवू नका. वापसा (पेरणीजोगी ओल) उशिरा आला आणि पेरा पंधरा दिवस पुढे गेला, तर त्या तारखेला पीक मागे दिसणारच, म्हणून ते वाईट ठरत नाही. आकडा ०.२५ ओलांडून वर निघाला तो दिवस प्रत्येक रानासाठी धरा आणि तिथून पुढे दिवस मोजा. ज्वारीचं घड्याळ सगळ्यांना ठाऊक आहे: पेरणीपासून ५० ते ५५ दिवसांनी पोटरी (कणीस अजून पानाच्या आवरणात), ७० ते ७५ ला फुलोरा, ९० ते ९५ ला दाणे भरणं. संरक्षित पाणी द्यायची शिफारसही याच टप्प्यांवर असते. मी पोटरीपासून दाणा भरेपर्यंतच्या चाळीस दिवसांची सरासरी हिरवळ घेते. शिखराचा एकच आकडा घेणं सोपं, पण शिखरानंतर हिरवळ किती दिवस टिकली यात दाण्याचं वजन असतं.

शेवटी त्या आकड्याला त्याच मंडळाच्या इतिहासाशी ताडून बघा. समजा यंदाची सरासरी ०.४६, आजवरची सगळ्यात कमी ०.३१ आणि सगळ्यात जास्त ०.५८. ०.४६ वजा ०.३१ म्हणजे ०.१५. भागिले ०.२७. साधारण ५६ टक्के. माळाचं मंडळ आणि गोदाकाठचं मंडळ यांची थेट तुलना करणं अन्यायाचं आहे, या टक्क्यांमुळे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशी होते.

तराजू

इथवर आपल्याकडे ओल आहे आणि हिरवळ आहे, क्विंटल अजून नाहीत. ते फक्त रानात मिळतात.

कृषी आणि महसूल खात्याच्या पीक कापणी प्रयोगांचे मंडळनिहाय आकडे मिळवा, जितकी वर्षं मिळतील तितकी. त्यांच्या जोडीला आपले स्वतःचे प्रयोग हवेतच, कारण त्यांची जागा नेमकी आपल्याला माहीत असते. तिन्ही जमिनींवरची रानं निवडा. रान आधी ठरवा आणि त्यातली जागा चिठ्ठीने काढा. चांगली दिसली म्हणून निवडली तर सगळा हिशेब फुगतो. पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन दोरीने आखा, काटकोन कर्णाने तपासा. आतली कणसं खुडा, उन्हात वाळवा, बडवा, उफणा, वजन करा. कडब्याचंही वजन घ्या, ते पुढे लागतं. २५ चौरस मीटरात एक किलो दाणा म्हणजे हेक्टरी चार क्विंटल, एकरी एक क्विंटल बासष्ट किलो.

ओल्या दाण्याचं वजन करून टाकायची घाई नको. पुरता वाळल्यावर दात लावला की कट्‌ आवाज येतो, तेव्हाच काट्यावर चढवा.

मालदांडीचं ताट उंच आणि पानं भरपूर, ठेंगण्या वाणाचा पाला कमी. वरून दोघांची हिरवळ सारखी दिसली तरी दाणा सारखा नसतो. दाणा आणि कडबा यांच्या वजनाचं गुणोत्तर वाणानुसार नोंदवून ठेवलं, तर ‘यंदा कडबा उदंड, दाणा कमी’ हेही डिसेंबरात सांगता येतं. जनावरं असलेल्या माणसाला धान्याच्या आकड्याइतकीच ही गोष्ट मोलाची.

दोन रकान्यांवर थांबा

एक्सेलमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एक मंडळ आणि एक वर्ष. तीन रकाने: ३१ ऑक्टोबरची ओल, चाळीस दिवसांची हिरवळ, आणि प्रत्यक्ष उतारा. ‘लिनेस्ट’ हे सूत्र पहिल्या दोन्हींचं उताऱ्याशी असलेलं नातं काढून देतं.

मशीन लर्निंग शिकून आलेली मुलं इथे वीस-पंचवीस रकाने घालतात आणि जुळणी ९५ टक्क्यांवर नेतात. त्यांची मेहनत खरी असते, पण आठ मंडळं आणि सहा वर्षं मिळून ४८ ओळी दिसल्या, तरी वर्षं सहाच असतात. एका वर्षी पाऊस गेला तर आठही मंडळांत थोडाफार गेला. एवढ्या अनुभवावर पंचवीस गोष्टी शिकवल्या, की ते सूत्र जुनं पाठ म्हणतं आणि नव्या वर्षाला त्याची बोबडी वळते. रँडम फॉरेस्ट पिकं ओळखायला घ्या, उताऱ्याला दोन रकान्यांवर थांबा.

तपासणी अशी करा. एक अख्खं वर्ष बाहेर ठेवा, बाकीच्यांवरून सूत्र बांधा, त्या वर्षाचा अंदाज काढा आणि खऱ्याशी ताडा. असं प्रत्येक वर्षाचं करा. ओळी सुट्या-सुट्या काढून तपासलं तर त्याच वर्षाची शेजारची मंडळं उत्तर फोडतात. सगळ्या फरकांचा वर्ग करून सरासरी काढा, तिचं वर्गमूळ घ्या. ही आपली नेहमीची चूक. आता गेल्या पाच वर्षांची नुसती सरासरी सांगितली असती तर किती चुकलो असतो, तेही काढा. आपलं सूत्र त्या साध्या सरासरीपेक्षा चांगलं नसेल, तर अजून लोकांना सांगायची वेळ आलेली नाही. आणखी दोन हंगाम कापणीचे प्रयोग वाढवा.

समजा सूत्राने हेक्टरी ९.२ क्विंटल सांगितलं आणि नेहमीची चूक १.८ ची. मग सांगायचं ते ७.४ ते ११, म्हणजे एकरी तीन ते साडेचार क्विंटल. आकडा कधीही एकटा द्यायचा नाही. ‘नऊ पॉइंट दोन’ ऐकून एखादा सावकाराशी बोली करून बसतो. ‘तीन ते साडेचार’ ऐकणारा तीन धरून घर चालवतो.

जे वरून दिसत नाही

डिसेंबरअखेर पुन्हा रानात जावंच लागतं. ओल तुटली आणि दाणा भरताना ताण पडला, की खडखड्या हा रोग येतो. पानं वरून बऱ्यापैकी हिरवी असतात, खोड मात्र बुडाशी पोकळ झालेलं असतं. ताट हलवलं की कळतं, वाऱ्याने लोळलं की सगळ्यांनाच कळतं. उपग्रहाला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. माझा अनुभव असा की ओल कमी आणि हिरवळ भरपूर, असं ज्या रानांत दिसतं तिथे खडखड्याची भीती सगळ्यात जास्त. पिकाने पाणी आधीच पिऊन पाला वाढवलेला असतो आणि दाण्याला काही उरत नाही. नकाशावर अशी रानं लाल रंगवा आणि आधी तिथे जा.

तिथे गेल्यावर जमिनीच्या भेगा बघा. आठव्या आठवड्याची कोळपणी झाली असेल तर भेगा बुजलेल्या असतात आणि ओल टिकते. हाताची चार बोटं भेगेत जात असतील तर अंदाजाच्या खालच्या टोकाला धरा. एक कणीस घेऊन मधला दाणा नखाने फोडा. पांढरा चीक आला तर भरणी चालू आहे. त्या दिवसात दाणा चिमटलेला, कोरडा लागला तर पीक उपासानेच पिकायला लागलं आहे. ढगाळ हवेत पानांवर चिकटा (मावा किडीचा चिकट स्राव) पडला आहे का, तेही बघा.

पाखरांचं नुकसान कोणत्याच सूत्रात बसत नाही. ज्वारीचा पेरा कमी झाला तसा हा त्रास वाढला. चहूबाजूंनी हरभरा आणि मध्ये एकच ज्वारीचं रान असलं, की हुरड्यात आलेल्या कणसांवर सगळी पाखरं तिथेच उतरतात. ज्वारीच्या नकाशावर अशी एकटी रानं सहज सापडतात, त्यांच्यासाठी अंदाज वेगळा ठेवा.

कधी आणि कसं सांगायचं

मी तीनदा सांगते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नुसत्या ओलीवरून, आणि तेव्हा मोठाच पट्टा देते: सरासरीच्या वर, आसपास, की खाली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुलोऱ्याचं चित्र आल्यावर क्विंटलमध्ये. जानेवारीच्या मध्यावर, रानं फिरून झाल्यावर, शेवटचा. पहिल्याचा खरा उपयोग विहिरीला थोडं पाणी असणाऱ्यांना. ओल कमी असेल तर एकच पाणी पोटरीला द्यायचं ठरवून ठेवता येतं. दुसऱ्यावर कडब्याची बोली होते. शेकडा पेंढीचा भाव काय सांगायचा, विकायचा की राखायचा, हे त्या आठवड्यात ठरतं.

देशपातळीवर दिल्लीचं महालनोबिस राष्ट्रीय पीक पूर्वानुमान केंद्र ‘फसल’ प्रकल्पातून उपग्रह, हवामान आणि जमिनीवरची पाहणी जोडून मुख्य पिकांचे अंदाज काढतं. धोरणासाठी ते मोठं काम आहे. पण एका मंडळातल्या माळाचं आणि काळीचं वेगळं उत्तर हवं असेल, तर ते आपल्यालाच काढावं लागणार, आणि ते काढता येतं.

सांगताना मंडळाचा एकच आकडा देऊ नका. हलकी, मध्यम, भारी असे तीन पट्टे द्या. ऐकणाऱ्याला आपली जमीन कुठे बसते ते नेमकं माहीत असतं. सोबत ओलीचा आणि हिरवळीचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, गट नंबरांच्या हद्दींसह. लोक स्वतःचं रान शोधतात आणि ‘इथं तर यंदा पेराच नाही’ असं सांगून आपला नकाशा दुरुस्तही करतात. त्या दुरुस्त्या तारखेसह त्याच दिवशी लिहून घ्या. अंदाज बदलला तर जुना खोडू नका, त्याच्याखाली नवा लिहा, कारणासकट. मार्च-एप्रिलमध्ये मळण्या उरकल्या की ज्या रानांत खड्डे घेतले होते त्यांचा खरा उतारा विचारून वहीत चढवा. पुढच्या वर्षीच्या सूत्रात तीच ओळ सगळ्यात जास्त कामाला येते.